ट्री डायग्राम सुबक, तरी उत्तर चुकतं : अवलंबी घटनांच्या फांद्या कुठे बिघडतात

दर वर्षी एप्रिल-मेमध्ये, सीईटीच्या आसपास, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकच तक्रार येऊन बसते. मूल बदलतं, तक्रार तीच.

"काकू, ट्री डायग्राम काढलं. गुणाकार दोनदा तपासला. तरी उत्तर मागच्या पानाशी जुळत नाही."

ट्री डायग्राम म्हणजे प्रत्येक टप्प्यावरच्या शक्यता झाडाच्या फांद्यांसारख्या दाखवणारी आकृती. वही उघडली की ती खरंच देखणी असते. पट्टीने मारलेल्या रेघा, पेन्सिलने लिहिलेले अपूर्णांक, शेवटी गुणाकारांचा सरळ रकाना. पण दुसऱ्या टप्प्यावरच्या फांद्यांच्या दोन्ही जोड्यांवर हुबेहूब तेच आकडे असतात. नाहीतर एका जोडीवर बदललेले आणि दुसरीवर जसेच्या तसे. मी काही क्लास घेत नाही. इमारतीतली अकरावी-बारावीची मुलं अडली की येतात, आणि इतक्या वर्षांत अवलंबी घटनांच्या (एकीचा निकाल कळला की दुसरीची संभाव्यता बदलते अशा) एवढ्या वह्या पाहिल्या आहेत की चूक कुठे असणार हे आता लांबूनही दिसतं. तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी दुवा पाठवला की काम होईल.

यंदा वरच्या मजल्यावरची मुलगी आली तेव्हा टेबलावर हापूसची डझनाची पेटी नुकतीच उघडली होती. म्हटलं, त्या पुस्तकातल्या लाल-निळ्या गोट्या राहू देत बाजूला, आपण आंबे घेऊ. हापूसला साका असतो हे कोणाला सांगायला नको. बाहेरून आंबा पिवळाधमक, वास घरभर, आणि कापला की बाठ्याजवळ पांढरट, आंबूस, रबरासारखा गर. कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापलेला आंबा पेटीत परत जात नाही. अवलंबी घटना समजवायला याहून चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही.

समजा पेटीत १२ आंबे, त्यांतले ३ साक्याचे, ९ चांगले. (खऱ्या पेटीत साक्याचे किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याकडे पुढे येते.) डोळे मिटून एक उचलला, कापला. मग दुसरा. दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता किती?

तिने झरझर आकृती काढली. पहिल्या फाट्यावर ९/१२ आणि ३/१२. दुसऱ्या टप्प्यावर दोन्हीकडे पुन्हा ९/१२ आणि ३/१२. उत्तर ८१/१४४.

मी विचारलं, "पहिला साक्याचा निघाला. आता पेटीत काय आहे?"

"अकरा. नऊ चांगले, दोन साक्याचे."

"मग इथे ३/१२ कसं?"

"पण काकू, पहिला कुठला निघाला हे मला आत्ता कुठे माहीत आहे?"

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण अर्ध्या वर्गाच्या मनात तो असतो आणि विचारत कोणीच नाही. कापण्याआधीच आकृती काढायची, तर कापल्यानंतरचे आकडे त्यात आधीच कसे भरायचे? याचं उत्तर असं, की ट्री डायग्राममधली प्रत्येक फांदी म्हणजे एक 'समजा' आहे. 'सा' (साक्याचा) लिहिलेल्या फांदीवर पाऊल टाकलं की पहिला आंबा साक्याचा निघालाच, असं धरून पुढे चालायचं. त्या फांदीच्या टोकाशी उभं राहून पेटीत डोकवायचं आणि जे दिसेल तेच पुढच्या फाट्यावर लिहायचं. शेजारच्या फांदीच्या टोकाशी उभं राहिलं तर पेटी वेगळी दिसेल. 'अवलंबून' म्हणजे एवढंच. पुस्तक त्याला सशर्त संभाव्यता म्हणतं आणि मुलं शब्दालाच घाबरतात.

म्हणून माझा एकच आग्रह असतो. अपूर्णांक लिहायच्या आधी, प्रत्येक फाट्यावर चौकोनी कंसात त्या घडीला पेटीत काय उरलं आहे ते लिहायचं. शब्दांत, आकड्यांत, कसंही, पण लिहायचं. या कंसाला मी चौकट म्हणते. तिची आकृती मग अशी झाली :

[१२ : ९ चां, ३ सा]
├─ चां ९/१२ → [११ : ८ चां, ३ सा]
│     ├─ चां ८/११ → ७२/१३२
│     └─ सा ३/११ → २७/१३२
└─ सा ३/१२ → [११ : ९ चां, २ सा]
      ├─ चां ९/११ → २७/१३२
      └─ सा २/११ → ६/१३२

दोन्ही चांगले : ७२/१३२, म्हणजे ६/११. तिचं आधीचं ८१/१४४ म्हणजे ९/१६. साधारण ०.५४५ आणि ०.५६३. फरक थोडा दिसतो आणि तिथेच फसगत होते, कारण उत्तर 'साधारण बरोबर' वाटत राहतं. दोन्ही साक्याचे निघण्याचं पाहिलं तर फरक डोळ्यात भरतो : खरं उत्तर ६/१३२, म्हणजे १/२२, चुकीचं १/१६.

चौकटीतली बेरीज तपासा आणि मगच अपूर्णांक उतरवा. फाट्यावरच्या दोन फांद्यांची बेरीज १ यायलाच हवी, ती तर मुलं तपासतातच. पण ९/१२ आणि ३/१२ यांचीही बेरीज १ येते, म्हणून त्या तपासणीत ही चूक पकडली जात नाही. चौकटीत पकडली जाते. आणि टोकांचे गुणाकार लगेच संक्षिप्त रूपात आणू नका. छेद १३२ तसाच राहू द्या. ७२, २७, २७, ६ यांची बेरीज १३२ येते का, हे तोंडी पाहता येतं. ६/११, ९/४४, ९/४४, १/२२ असं करून ठेवलं की तपासणी संपली आणि नवी डोकेदुखी सुरू. शाळेत 'अतिसंक्षिप्त रूप दे' हे इतकं बिंबवलेलं असतं की इथे मुलांचा हात आवरावा लागतो.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे बरोबर काढलेली आकृतीही मुलं खोडतात.

तिने आपणहून विचारलं, "दुसरा आंबा साक्याचा असण्याची?" दोन टोकं मिळवली, २७ आणि ६, तेहतीस. ३३/१३२. म्हणजे १/४. आणि चेहरा पडला. "म्हणजे ३/१२च की! पहिल्यासारखंच! मग अवलंबून कुठे आहेत? माझं आधीचंच बरोबर होतं ना?"

इथे घाई करू नये. मी पेटीतून दोन आंबे काढून तिच्यासमोर ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. न कापता. डावीकडचा साक्याचा असण्याची संभाव्यता किती? ३/१२. उजवीकडचा? तोही त्याच पेटीतला, तोही डोळे मिटून उचललेला. त्याला काय ठाऊक की आपल्याला दुसरा क्रमांक मिळाला आहे? म्हणून ३/१२. आता डावीकडचा कापला. चांगला निघाला. तर उजवीकडच्याबद्दलचं माझं उत्तर ३/११ झालं. साक्याचा निघाला असता तर २/११ झालं असतं. उजवीकडचा आंबा मात्र होता तसाच आहे, सुरीने त्याला काही केलेलं नाही. बदललं ते त्याच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते.

पहिल्याचा निकाल कळायच्या आधी १/४, कळल्यावर ३/११ किंवा २/११. आधीची १/४ ही या दोन उत्तरांची भारित सरासरी असते : तीन चतुर्थांश वेळा ३/११, एक चतुर्थांश वेळा २/११. घटना अवलंबून आहेत की नाहीत हे ठरवताना दुसऱ्याची एकूण संभाव्यता पहिल्याइतकीच आली का, हे पाहायचंच नसतं. पाहायचं ते हे, की पहिल्याचा निकाल कानावर पडल्यावर दुसऱ्याचं उत्तर हललं का. हललं, तर अवलंबी.

हाच मुद्दा वापरून एक जास्तीची तपासणी मिळते. परत न ठेवता काढण्याच्या कुठल्याही गणितात दुसऱ्या वेळची एकूण संभाव्यता पहिल्या वेळच्या इतकीच यायला हवी. नाही आली तर कुठल्यातरी चौकटीत मोजणी चुकली आहे. मी स्वतः वही तपासताना आधी हेच पाहते.

दुसरी मोठी चूक अगदी उलट्या टोकाची. ज्यांना 'दर वेळी एक वजा' हे मंत्रासारखं पाठ झालेलं असतं त्यांची. छेदातून एक वजा, अंशातून एक वजा, झालं. ही मुलं आंब्याच्या गणितातसुद्धा 'चांगला निघाला, मग साक्याचा' या फांदीवर २/११ लिहितात, कारण हात आपोआप ३ मधून १ वजा करतो. साक्याचा तर अजून एकही कापलेला नाही! चौकट लिहिली असती तर [८ चां, ३ सा] डोळ्यांसमोर राहिलं असतं.

आणि जिथे काहीच वजा होत नाही तिथे तर ती पुरती गडबडतात. पावसाचं घ्या. समजा जूनच्या मध्यावर आज पाऊस पडण्याची संभाव्यता ०.५ आहे, आज पडला तर उद्याही पडण्याची ०.८, आज दिवस कोरडा गेला तर उद्या पडण्याची ०.४. (आकडे गणितापुरते धरलेले आहेत, वेधशाळेचे नव्हेत.) इथे पेटी नाही, मोजणी नाही, तरीही घटना अवलंबी आहेत आणि आकृती तशीच काढायची. आजचा पाऊस या फांदीच्या टोकाशी चौकट : [आज ओलं, उद्या ०.८]. कोरड्या फांदीच्या टोकाशी : [कोरडं, उद्या ०.४]. दोन्ही दिवस पावसाची ०.४०, आज पडून उद्या उघडीप ०.१०, आज उघडीप आणि उद्या पाऊस ०.२०, दोन्ही दिवस कोरडे ०.३०. उद्या पाऊस, एकूण, ०.६०. कोणी कुठून काही काढून घेतलेलं नाही.

उलटंही होतं. पिशवीत ५ लाल आणि ३ निळ्या गोट्या. एक काढली, रंग पाहिला, ती परत टाकली आणि वर त्याच रंगाची आणखी एक टाकली. आता गोट्या वाढल्या. लाल-लाल म्हणजे ५/८ × ६/९, तीस छेद बहात्तर. लाल-निळी १५, निळी-लाल १५, निळी-निळी १२, बेरीज ७२. हा खेळ जॉर्ज पोल्या या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. १९२३ मध्ये एगेनबर्गर आणि पोल्या यांनी साथीच्या रोगांसारख्या, एक झालं की पुढचं होण्याचा संभव वाढवणाऱ्या घटनांसाठी ही पिशवी वापरली होती. 'एक वजा'वाल्यांना मी हे गणित मुद्दाम देते. दुसरी गोटी लाल असण्याची एकूण संभाव्यता काढून पाहा : ४५/७२, परत ५/८.

तिसरी चूक ऐकायला बाळबोध वाटते, पण तिच्या पाठीशी मोठं नाव आहे. चार टोकं दिसली की प्रत्येकाला १/४ वाटून टाकायचं. 'चांगला-चांगला, चांगला-साका, साका-चांगला, साका-साका, चार शक्यता, म्हणून दोन्ही चांगले असण्याची १/४.' फ्रान्समधला दालाँबेर हा अठराव्या शतकातला पहिल्या फळीचा गणितज्ञ. तिथल्या प्रसिद्ध विश्वकोशात १७५४ साली छापा-काट्यावर त्याने एक नोंद लिहिली. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? तो म्हणाला, पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ तिथेच संपतो, दुसरी फेक होतच नाही. म्हणजे शक्यता तीनच : छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तिघांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३.

आकृती त्याची चुकलेली नाही, हे लक्षात घ्या. लवकर थांबणारी फांदी ट्री डायग्राममध्ये चालते. चुकलं ते तीन टोकांना सारखं वजन देणं. छापाच्या आखूड फांदीचं टोक १/२ वजनाचं आहे, बाकीची दोन १/४ ची. १/२ + १/४ म्हणजे ३/४. टोकं मोजायची नसतात, टोकांपर्यंतच्या वाटेवरचे आकडे गुणायचे असतात. 'साका सापडेपर्यंत आंबे कापत जा' अशा प्रश्नात अशीच आखूड-लांब टोकं येतात. पहिला साका तिसऱ्या आंब्यात सापडण्याची वाट एकच : चांगला, चांगला, साका. ९/१२ × ८/११ × ३/१० = २१६/१३२०, म्हणजे ९/५५. बाकीचं झाड काढायचंच नाही.

यावरून आठवलं. मराठीत झाडाच्या टोकाला पान म्हणावं तर पत्त्यालाही पानच म्हणतात. एकदा पत्त्यांचं गणित शिकवताना 'या पानाची संभाव्यता' म्हणाले आणि समोरचा मुलगा इस्पिकच्या एक्क्याकडे बघत बसला. तेव्हापासून मी 'टोक' म्हणते.

पत्त्यांचं निघालंच आहे तर एक छाटणी दाखवते. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं एकाच किमतीची, येण्याची संभाव्यता. मुलं १३ फांद्यांचं झाड काढायला घेतात आणि कागद संपतो. पहिलं पान कुठलंही येऊ दे, चालेल. त्या फांदीवर १ लिहा. आता चौकट : [५१ उरली, हव्या त्या किमतीची ३]. मग ३/५१. पुढची चौकट : [५० उरली, हवी ती २]. मग २/५०. गुणाकार ६/२५५०, म्हणजे ४२५ डावांत सरासरी एक. १/१३ × १/१३ करणारे १६९ मध्ये एक सांगतात. पैसे लावून खेळत असतील तर चांगलेच बुडतील.

प्रश्नाची भाषा हा वेगळाच खड्डा आहे आणि यात हुशार मुलंही पडतात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. 'पहिला आणि दुसरा असे दोन्ही आंबे साक्याचे असण्याची संभाव्यता काढा.' आणि 'पहिला आंबा साक्याचा निघाला, तर दुसराही साक्याचा असण्याची संभाव्यता काढा.' पहिल्याचं उत्तर टोकावर आहे, ६/१३२. दुसऱ्याचं फांदीवर आहे, २/११, गुणाकार न करता. 'आणि' आला की टोक, 'तर', 'असताना', 'हे दिले आहे' असं काही आलं की आधी त्या फांदीवर जाऊन उभं राहायचं आणि मागचं झाड विसरायचं. कधी कधी प्रश्न 'तर' गाळूनच विचारतात : 'साक्याचा आंबा कापल्यावर दुसराही साक्याचा निघण्याची संभाव्यता'. तिथे 'कापल्यावर'मध्ये 'तर' दडलेला असतो. 'किमान एक साक्याचा' म्हटलं की तीन टोकं मिळवण्यापेक्षा 'एकही नाही' हे एक टोक १ मधून वजा करा : १ − ६/११, म्हणजे ५/११. आणि 'नेमका एक' म्हटलं की दोन टोकं, २७ अधिक २७. इथे दहातली सात मुलं एकच २७ घेतात, कारण 'एक चांगला एक साक्याचा' हे त्यांना एकच चित्र वाटतं. क्रम उलटा असला तरी ताटात तेच दोन आंबे येतात हे खरं, पण झाडावर त्या दोन वाटा आहेत.

'एकाच वेळी दोन आंबे उचलले' असं असेल तर? तरीही हेच झाड. दोन्ही हातांत एकेक आंबा आहे, डावा आधी बघा, मग उजवा. कोणाला निवडीच्या सूत्राने पडताळायचं असेल तर नवांतून दोन ३६ प्रकारे, बारांतून दोन ६६ प्रकारे, ३६/६६, परत ६/११.

आता पुढे येते म्हटलं होतं ते. पेटीत साके किती हे आपल्याला माहीत नसतं. उलट, आंबा कापून आपण पेटीबद्दल अंदाज बांधतो. पहिलाच साक्याचा निघाला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "गेली पेटी वाया." किती वाया गेली?

समजा घरात दोन पेट्या आल्यात, वरून सारख्याच, लेबलं निघून गेलेली. एकीत १२ पैकी ३ साक्याचे, दुसरीत १२ पैकी १. कुठलीतरी एक उघडली, एक आंबा कापला, साक्याचा निघाला. ही तीन साकेवाली पेटी असण्याची संभाव्यता किती? मुलं इथे आकृतीच्या शेवटून सुरुवात करायला जातात, पहिल्या फाट्यावर 'साका / चांगला' आणि दुसऱ्यावर 'ही पेटी / ती पेटी'. मग फांद्यांवर काय लिहायचं ते सुचत नाही, कारण ते आकडे प्रश्नात दिलेलेच नसतात. झाड नेहमी ज्या क्रमाने घटना घडली त्याच क्रमाने काढायचं, प्रश्न ज्या क्रमाने विचारला आहे त्या क्रमाने नव्हे.

[कुठली पेटी?]
├─ पेटी १ : १/२ → [९ चां, ३ सा]
│     ├─ चां ९/१२ → ९/२४
│     └─ सा ३/१२ → ३/२४
└─ पेटी २ : १/२ → [११ चां, १ सा]
      ├─ चां ११/१२ → ११/२४
      └─ सा १/१२ → १/२४

साका तर निघालाच आहे, म्हणून चांगल्याची दोन टोकं हाताने झाकून टाका. अक्षरशः तळहात ठेवून झाका. मी तेच करायला लावते. उघडी राहिली ३/२४ आणि १/२४. चार हिश्श्यांतले तीन पेटी १ कडे. उत्तर ३/४. आंबा कापायच्या आधी ते १/२ होतं. थॉमस बेझचा जो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्याच्या नावाचं सूत्र अकरावी-बारावीत येतं, त्या सूत्राचं काम हे एवढंच आहे : नको ती टोकं झाका आणि उरलेल्यांत वाटा काढा. सूत्र पाठ करून उलटसुलट लिहिणारी मुलं या झाकण्याने सहसा चुकत नाहीत.

ती म्हणाली, "आणि चांगला निघाला असता तर?" मग साक्याची टोकं झाकायची. ९ आणि ११ उघडी; पेटी १ असण्याची ९/२०. फारसं काही कळलं नाही, आणि ते बरोबरच आहे. चांगला आंबा दोन्ही पेट्यांत भरपूर आहे.

झाड कधी टाळायचं, हेही विचारतात. पाच आंबे कापायचे म्हटलं की ३२ पर्यंत टोकं होतात, तेव्हा फक्त हव्या त्या वाटा काढाव्यात. आणि पेटीऐवजी ट्रक असला, १२०० आंब्यांत ३०० साक्याचे, तर पहिला परत ठेवला काय न ठेवला काय : ३००/१२०० × २९९/११९९ साधारण ०.०६२३, आणि सरळ १/४ × १/४ केलं तर ०.०६२५. तिथे 'स्वतंत्र' धरून चाललं तर कोणी हरकत घेऊ नये. पण परीक्षेत पेटीच येते, ट्रक नाही.

एवढं करूनही उत्तर मागच्या पानाशी जुळत नसेल, तर प्रश्न पुन्हा वाचा, विशेषतः 'परत ठेवून' आणि 'परत न ठेवता' यांतला तो एक 'न'. आमच्या पेटीच्या गणितात तुमचं उत्तर ६/११ आणि पुस्तकाचं ९/१६ असेल तर तुमची आकृती ठीक आहे. पुस्तकाने आंबा परत ठेवला आहे. त्या दिवशी तिच्या पुस्तकात असाच 'न' दिसत होता आणि मागचं उत्तर मात्र परत ठेवल्याचं होतं. तिने समासात पेन्सिलने '६/११' लिहिलं, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, आणि उरलेल्या फोडी घेऊन वर गेली. आंबा चांगला निघाला होता.